आत्याच्या फोनपर्यंतचा रस्ता: श्रोता कुठे आहे ते ओळखून त्याला जवळच्या सर्व्हरवर कसं धाडायचं

आत्या न्यू जर्सीत एडिसनला राहते. सकाळी पूजा आटोपली की बाबांचं एखादं कीर्तन लावायचं, हा तिचा नेम. बाबा वाईचे, नारदीय परंपरेतले कीर्तनकार. त्यांच्या चारशेच्या आसपास कॅसेट मी आणि धाकट्या भावाने तीन वर्षं खपून संगणकावर उतरवल्या आणि एका साध्या संकेतस्थळावर ठेवल्या. सर्व्हर मुंबईत. साताऱ्यात, पुण्यात, ठाण्यात कुणाची तक्रार नव्हती. आत्याचा मात्र फोन आला, "अगं, दाबलं की नुसतं गोल फिरत राहतं. मला वाटतं लागलंच नाही, म्हणून मी परत दाबते."

परत दाबलं की जोडणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे तिला ठाऊक असायचं कारण नाही. ते बघणं माझं काम होतं. आज माझ्याकडे भाड्याचे तीन सर्व्हर आहेत: मुंबई, फ्रँकफर्ट आणि अमेरिकेत व्हर्जिनिया. मोठ्या सीडीएन कंपन्यांची (जगभर ठेवलेल्या सर्व्हरवरून इतरांच्या फाइली पुरवणाऱ्या कंपन्यांची) शेकडो ठिकाणं असतात, पण आलेल्या माणसाला कोणत्या दारी पाठवायचं हा प्रश्न तीन सर्व्हरलाही तोच पडतो. तुमच्याकडे नुसती पानं आणि चित्रं असतील तर तयार सीडीएन घ्या, स्वतः काही उभारू नका. त्यातल्या सेटिंग भरतानाही खालचं सगळं लागेलच.

उशीर नेमका कशाचा

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. मुंबई ते व्हर्जिनिया सरळ रेषेत सुमारे १३ हजार किलोमीटर. त्यामुळे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंदांच्या खाली कुणीच उतरू शकत नाही. केबली सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात हा आकडा दोनशेच्या पुढे जातो.

आता फेऱ्या मोजा. टीसीपी जोडणीला, म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांना ओळख द्यायला, एक, टीएलएस १.३ असेल तर कुलूपबंद वाटेसाठी एक, मग प्रत्यक्ष मागणीची एक. तीन फेऱ्यांत सहाशे मिलिसेकंद गेले आणि डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधण्याचा, वेळ अजून धरलेला नाही. त्यानंतरही सर्व्हर पहिल्या दमात साधारण दहा पाकिटंच (फाइलीचे छोटे तुकडे) पाठवतो, म्हणजे १४ केबीच्या आसपास. आमच्या फाइल १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाच्या आवाजाला १६ केबी. १४ केबीत एक सेकंदाचाही आवाज बसत नाही. पुढच्या प्रत्येक फेरीत हे प्रमाण दुप्पट होत जातं, पण फेरीच दोनशे मिलिसेकंदांची असेल तर "जय जय रामकृष्ण हरी" ऐकू येईपर्यंत म्हाताऱ्या माणसाचं बोट पुन्हा बटणावर गेलेलं असतं. सर्व्हर व्हर्जिनियात असता तर एडिसनहून फेरी दहा मिलिसेकंदांच्या आसपास झाली असती.

म्हणून ब्रॉडबँडचा वेग वाढवून हा त्रास जात नाही. अंतर कमी करावं लागतं.

आधी एक चालू यंत्रणा उघडून बघा

उभारायच्या आधी हे काम करणारी एक खरी यंत्रणा बघून घ्या. संगणकावर मराठी विकिपीडिया उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्कच्या खणात जा, पान पुन्हा लोड करा आणि पहिल्याच मागणीचे रिस्पॉन्स हेडर, म्हणजे उत्तरासोबत सर्व्हर पाठवतो त्या माहितीच्या ओळी, वाचा. त्यात एक्स-कॅश नावाची ओळ दिसेल. तिच्यात 'सीपी' आणि पुढे चार आकडी क्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा म्हणजे केंद्र: १ व्हर्जिनिया, २ टेक्सस, ३ अॅम्स्टरडॅम, ४ सॅन फ्रान्सिस्को, ५ सिंगापूर, ६ मार्से, ७ साओ पावलो. मी पुण्यात बसून बघते तेव्हा ५ येतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाचं भारतात केंद्र नाही. २०१८ मध्ये सिंगापूरचं सुरू झालं, आणि तुमच्या-माझ्या गावाबद्दलचा मराठी लेख तिथल्या कॅशमधून, म्हणजे जवळ साठवून ठेवलेल्या प्रतीतून, आपल्याकडे येतो. त्याच ओळीत 'हिट' असेल तर पान कॅशमध्ये तयार होतं, 'मिस' असेल तर मागून आणावं लागलं.

आता कुकीच्या खणात जिओआयपी नावाची कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) शोधा. देश, राज्य, शहर, अक्षांश, रेखांश असं सगळं तीत लिहिलेलं असतं. शहर नीट वाचा. मी वाईला घरी असते तेव्हा मोबाइलच्या इंटरनेटवर मला तिथे मुंबई दिसते. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे (इंटरनेटवर यंत्राची ओळख असलेल्या क्रमांकामागे) बसवतात आणि तो पत्ता मोठ्या शहराच्या नावावर असतो. म्हणून पहिला नियम: आयपीवरून देश बऱ्यापैकी खात्रीने कळतो, पण शहरावर काहीही उभारू नका.

विकिमीडियाची डीएनएसची सगळी मांडणी जाहीर आहे, कुणालाही वाचता येते. त्यांच्या डीएनएस सर्व्हरच्या प्रोग्रामचं नाव जीडीएनएसडी. त्याच्या नकाशाच्या फाइलमध्ये प्रत्येक देशापुढे केंद्रांची क्रमवार यादी असते. पहिलं बंद पडलं तर दुसरं, ते पडलं तर तिसरं. अमेरिका तर राज्याराज्यांत वाटलेली आहे. एकेका देशासाठी कुणीतरी बसून विचार केलाय, हे ती फाइल वाचताना कळतं. मी माझा नकाशा तसाच लिहायला घेतला.

डीएनएसला श्रोता दिसत नाही

सगळ्यात रुळलेली पद्धत डीएनएसची. श्रोत्याचा फोन नाव विचारतो, तुमचा डीएनएस सर्व्हर विचारणारा कुठला आहे ते बघतो आणि जवळच्या सर्व्हरचा पत्ता देतो. पहिली मोठी सीडीएन कंपनी अकामाय १९९८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये निघाली, तिचा पायाही हाच.

अडचण अशी की तुमच्या डीएनएसला विचारणारा श्रोता नसतोच. विचारतो त्याचा रिझॉल्व्हर, म्हणजे त्याच्या वतीने नावाचा पत्ता शोधून आणणारा मधला सर्व्हर. तो श्रोत्याच्या गावात असेल, मुंबईत असेल किंवा पार दुसऱ्या खंडात.

हे मला हिंजवडीने शिकवलं. तीन सर्व्हर लावून महिना झाला होता. व्हर्जिनियाच्या सर्व्हरच्या नोंदी चाळताना त्यात पुण्याचे पत्ते दिसले, तेही रोज दुपारी एक ते दोनच्या दरम्यान. जेवणाच्या सुट्टीत कानाला हेडफोन लावून कुणीतरी कीर्तन ऐकत होतं. त्या कंपनीचं मुख्यालय अमेरिकेत, ऑफिसातल्या सगळ्या संगणकांचा रिझॉल्व्हरही तिकडेच. माझ्या डीएनएसने प्रामाणिकपणे अमेरिकेला अमेरिकेचा पत्ता दिला, आणि हिंजवडीतला माणूस मुंबईचा सर्व्हर सोडून अर्ध्या जगाला वळसा घालून वाईचं कीर्तन ऐकत बसला.

तुमचा स्वतःचा रिझॉल्व्हर कोणता ते बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) डिग हा डीएनएसला प्रश्न विचारणारा प्रोग्राम वापरून हूअॅमआय डॉट अकामाय डॉट नेट हे नाव विचारा. उत्तरात येणारा पत्ता तुमच्या रिझॉल्व्हरचा असतो.

यावरचा उपाय म्हणजे ईडीएनएस क्लायंट सबनेट. २०१६ साली आरएफसी ७८७१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तो लिहून निघाला, वापर त्याआधीपासून होताच. रिझॉल्व्हर प्रश्नासोबत श्रोत्याच्या पत्त्याचा पुढचा भागही पाठवतो, पत्ता जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचा असेल तर साधारण पहिले २४ बिट, नव्या, लांब आयपीव्ही६ पद्धतीचा असेल तर ५६. या भागालाच सबनेट म्हणायचं. पूर्ण पत्ता नाही, पण नेटवर्क ओळखू येतं. गुगलचा ८.८.८.८ हे पाठवतो. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ श्रोत्याचा खाजगीपणा जपायला मुद्दाम पाठवत नाही. पण त्यांचे रिझॉल्व्हर जागोजागी पसरलेले असल्याने देशापुरतं उत्तर बहुधा बरोबर येतं. याने फरक किती पडतो? अकामायच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये छापलेल्या मोजणीत सार्वजनिक रिझॉल्व्हर वापरणाऱ्यांचं सर्व्हरपासूनचं अंतर आठपटीने आणि फेरीचा वेळ निम्म्याने कमी झाला होता.

हिंजवडीचं ऑफिस मात्र यानेही सुटत नाही, कारण कंपन्यांचे अंतर्गत रिझॉल्व्हर सहसा सबनेट पाठवत नाहीत. त्याचा उपाय पुढे येतो.

मोजल्याशिवाय नकाशा लिहू नका

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवला, तुम्हीही घालवा.

कोणता देश कोणत्या सर्व्हरला, हे नकाशावर पट्टी ठेवून ठरवण्याचा मोह होतो. मी वापरते त्या पॉवरडीएनएस या डीएनएस सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये तर पिकक्लोजेस्ट नावाचं तयार फंक्शन आहे, अक्षांश-रेखांशावरून जवळचा सर्व्हर काढून देतं. मी ते वापरत नाही. पाकिटं नकाशावरून जात नाहीत. ती केबलीवरून जातात, आणि कोणत्या केबलीवरून जायचं ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचे आपसातले करार ठरवतात.

मॉरिशसचं बघा. तिथे मराठी घरं आहेत, आमचे थोडे श्रोतेही. नकाशावर मॉरिशस ते मुंबई अंतर फ्रँकफर्टच्या जवळपास निम्मं. सेफ नावाची समुद्री केबल दक्षिण आफ्रिकेतून निघून मॉरिशसला टेकते आणि पुढे कोचीला येते, म्हणजे तारही आहे. पण तिथल्या एखाद्या कंपनीने आपली वाहतूक दक्षिण आफ्रिकेमार्गे युरोपात नेऊन विकत घेतलेली असेल, तर तिच्या ग्राहकाची पाकिटं कोचीकडे वळतच नाहीत. आमच्या नोंदीत नेमकं हेच निघालं: एका नेटवर्कला मुंबई जवळ, दुसऱ्याला फ्रँकफर्ट. देश तोच, बेट तेच.

मी मोजते कशी ते सांगते. तिन्ही सर्व्हरवर एकेक बाइटची फाइल ठेवली आहे. संकेतस्थळावर येणाऱ्या दर शंभरातल्या एका श्रोत्याचा ब्राउझर, पान पूर्ण उघडून झाल्यावर, त्या तिन्ही फाइली गुपचूप दोनदा मागतो. पहिल्या वेळी जोडणी जुळवण्याचा वेळ मिसळलेला असतो, म्हणून तो सोडून द्यायचा. दुसऱ्या वेळचा धरायचा, तो जवळजवळ शुद्ध फेरीचा वेळ असतो. ब्राउझरची रिसोर्स टायमिंगची सोय हे आकडे देते. तिन्ही सर्व्हरवर टायमिंग-अलाउ-ओरिजिन हे हेडर लावायला विसरू नका, नाहीतर तपशिलाचे रकाने शून्य येतात. माझे पहिले दोन आठवडे त्यात वाया गेले. फाइलीवर कॅश करू नये अशी सूचनाही हवी, नाहीतर दुसरी मागणी ब्राउझरच्या पोटातूनच भागते.

आलेले आकडे देशाप्रमाणे लावू नका. नेटवर्कप्रमाणे लावा. प्रत्येक इंटरनेट पुरवठादाराला एक स्वायत्त-प्रणाली क्रमांक असतो, त्यालाच एएसएन म्हणतात, आणि पत्त्यावरून एएसएन देणारा मोफत डेटाबेस मॅक्समाइंडकडे नाव नोंदवून मिळतो. सरासरीवर जाऊ नका. मोबाइलवरचे पाचदहा अतिमंद आकडे सरासरी बिघडवतात. मधला आकडा बघा, आणि त्याच्या जोडीला पंचाहत्तराव्या टक्क्यावरचा.

श्रोते कमी असतील आणि एवढे आकडे जमत नसतील, तर राइप अॅटलस वापरा. अॅम्स्टरडॅमची राइप एनसीसी ही संस्था २०१० पासून ते चालवते. जगभर लोकांनी आपल्या घरी, ऑफिसात छोटी मोजणी-यंत्रं लावून ठेवली आहेत. तुम्ही एक लावलंत की गुण मिळतात आणि त्या गुणांवर दुसऱ्यांच्या यंत्रांवरून आपल्या सर्व्हरला पिंग करता येतं (फेरीचा वेळ मोजता येतो), ट्रेसरूट (पाकिटाची पूर्ण वाट) काढता येतो. माझ्याकडे एक आहे, वाईच्या घरात राउटरशेजारी. आईने त्यावर विणलेला रुमाल घातला होता, तेवढा काढायला लावला.

आयपीव्ही६ वेगळं मोजा. भारतात मोबाइलवरची बरीच वाहतूक त्यावरूनच येते, आणि एकाच फोनची आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ वाट वेगळी निघालेली मी पाहिली आहे.

नकाशा लिहिणे

संकेतस्थळाचं मुख्य नाव आहे तिथेच राहू द्या. फक्त आवाजाच्या फाइलींसाठी एक उपनाव काढा आणि तेवढंच आपल्या दोन डीएनएस सर्व्हरकडे सोपवा. नकाशात चूक झाली तरी पान उघडत राहतं, ईमेल येत राहते. माझे डीएनएस सर्व्हर मुंबई आणि फ्रँकफर्टला आहेत, दोन्हीवर नकाशा अक्षरशः सारखा असलाच पाहिजे.

पॉवरडीएनएसमध्ये जिओआयपी बॅकएंड (पत्त्यावरून ठिकाण ओळखणारा भाग) लावून देशाचा आणि एएसएनचा डेटाबेस जोडा, ईडीएनएस-सबनेट-प्रोसेसिंग चालू करा (मुळात ते बंद असतं, आणि बंद असेल तर गुगलने पाठवलेलं सबनेट तुमचा सर्व्हर बघतच नाही), लुआ या छोट्या प्रोग्रामिंग भाषेत नियम लिहू देणारे लुआ रेकॉर्ड चालू करा. मग लुआमध्ये नियम वरून खाली लिहा: आधी मोजणीत वेगळी निघालेली नेटवर्कं एएसएनने, मग देश, मग खंड, आणि शेवटी यातलं काहीच न जुळलेल्यांसाठी एक ठरलेलं उत्तर.

हे शेवटचं उत्तर विसरू नका. अॅमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेमध्येही देशाप्रमाणे नियम लिहून डीफॉल्ट रेकॉर्ड ठेवलं नाही, तर ज्याचा देश ओळखता येत नाही त्याला उत्तरच मिळत नाही. त्याच्यासाठी तुमचं संकेतस्थळ अस्तित्वातच नसतं, आणि तो तुम्हाला कळवायलाही येऊ शकत नाही. जिओआयपीच्या डेटाबेसमधल्या "देश माहीत आहे, पुढचं नाही" अशा नोंदींपासूनही सावध राहा. अमेरिकेसाठी अशा कोट्यवधी पत्त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिला गेला होता, तो पडला कॅन्ससमधल्या एका शेतावर, आणि तिथल्या कुटुंबाच्या दारात वर्षानुवर्षं पोलीस आणि चिडलेले अनोळखी लोक येत राहिले. २०१६ मध्ये हे उजेडात आलं. अक्षांश-रेखांश दिसले म्हणून ते खरे धरू नयेत, हे त्या कुटुंबाने फार महागात सोसलं.

माझा नकाशा फार मोठा नाही. भारत, नेपाळ, श्रीलंका, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया: मुंबई, मग फ्रँकफर्ट, मग व्हर्जिनिया. युरोप आणि बहुतेक आफ्रिका: फ्रँकफर्ट आधी. दोन्ही अमेरिका: व्हर्जिनिया आधी. आखाताच्या देशांना देशाची ओळच नाही, सगळं एएसएनप्रमाणे. दुबईहून मुंबई जवळ असली तरी तिथल्या काही नेटवर्कची वाट युरोपात जाऊन परत येते.

उत्तराची मुदत, म्हणजे टीटीएल, मी १२० सेकंद ठेवते. सर्व्हर जिवंत आहे का ते तपासून मगच त्याचा पत्ता द्यायचा, यासाठी इफयूआरएलअप हे फंक्शन आहे. पोर्ट (सर्व्हरचं जोडणी घेणारं दार) उघडा आहे एवढ्यावर समाधान मानू नका, खरी फाइल मागून बघा. डिस्क भरून सर्व्हर निकामी झालेला असतो तेव्हाही पोर्ट उघडाच असतो. आणि १२० सेकंद म्हटलं तरी सगळे ऐकत नाहीत. एखादा सर्व्हर दुरुस्तीला काढला की त्याच्यावरची गर्दी पाच-दहा मिनिटांत ओसरते, पण चार-दोन श्रोते तासन्‌तास जुन्याच पत्त्यावर येत राहतात. ते संपेपर्यंत सर्व्हर बंद करू नका. कुणाचं तरी कीर्तन मध्येच तुटतं.

एनीकास्टबद्दल थोडक्यात

दुसरी पद्धत एनीकास्ट: एकच पत्ता अनेक ठिकाणांहून जाहीर करायचा, बीजीपी, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत, ज्याला जिथे नेईल तिथे तो जाईल. रिझॉल्व्हरचा घोळ नाही, टीटीएलची वाट बघणं नाही. पण बीजीपी मिलिसेकंद मोजत नाही. ते करार आणि मधल्या नेटवर्कची संख्या बघतं. शिवाय स्वतःचा एएसएन आणि किमान २५६ पत्त्यांचा गट लागतो. भारतात तो निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतल्या, इंटरनेटचे पत्ते वाटणाऱ्या आयआरआयएनएनकडून घेता येतो, पण तीन सर्व्हरसाठी हा व्याप कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या फाइलींसाठी सगळ्यात चांगला उपाय

हिंजवडीकडे परत येते. श्रोत्याचा खरा पत्ता डीएनएसला दिसत नाही, पण पान देणाऱ्या वेब सर्व्हरला दिसतो. जोडणी तर थेट त्याच्याशीच झालेली असते. मग निर्णय तिथेच का घेऊ नये?

आता आमचा प्लेअर कीर्तन लावायच्या आधी मुख्य सर्व्हरला विचारतो. तो खरा पत्ता बघून त्याच नकाशातून तीन लिंक क्रमाने देतो, प्रत्येकीत सर्व्हरचं वेगळं नाव. प्लेअर पहिली उघडतो. तीन सेकंदांत आवाज आला नाही तर दुसरी, मग तिसरी. नेटफ्लिक्सची ओपन कनेक्ट यंत्रणाही याच धर्तीवर अॅपला सर्व्हरच्या लिंकांची यादी देते. एक जास्तीची मागणी लागते खरी, पण ती पान उघडतानाच आटोपून घेता येते. दोन तासांच्या फाइलीपुढे तिचं वजन काहीच नाही. छोट्या चित्रांसाठी हा खटाटोप करू नका, त्यांना डीएनएस पुरे.

हे केल्यापासून हिंजवडीचा श्रोता मुंबईच्या नोंदीत आला. रिझॉल्व्हर अजून अमेरिकेतच आहे.

दोन तासांची १२८ केबीपीएसची फाइल ११५ एमबीची होते, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. बरेच जाणते श्रोते पूर्वरंग (निरूपण) सोडून थेट उत्तररंगावर (आख्यानावर) उडी मारतात. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या प्रोग्रामची साधी कॅश अशा वेळी फाइल पहिल्यापासून आणत बसते आणि श्रोता ताटकळतो. स्लाइस मॉड्यूल लावून एकेक एमबीचे तुकडे करा. आमच्या फाइलींत एक एमबी म्हणजे साधारण एक मिनिट, तेवढंच आणलं जातं.

कॅश, केबल आणि भाषा

आषाढीच्या आदल्या रात्री विठ्ठलाच्या आख्यानांच्या फाइली मी तिन्ही सर्व्हरवर आधीच मागवून ठेवते, सकाळी सगळे एकदम येतात तेव्हा 'मिस' परवडत नाही. त्या दिवशी मुंबई पडली तर फ्रँकफर्टला सगळा भारत झेलता येईल एवढी बँडविड्थ घेतलेली असते. दुसऱ्या पसंतीच्या सर्व्हरची ताकद पहिल्याइतकी नसेल तर तो यादीत असून उपयोग नाही, तोही पाठोपाठ झोपतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रात केबली तुटल्या, त्यात सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई होत्या. भारत आणि युरोप यांच्यातली वाट मंदावली. आमच्या श्रोत्यांना पाठवण्याचा नकाशा ठीक होता, पण फ्रँकफर्ट आणि व्हर्जिनिया दोघेही मूळ फाइली मुंबईहून ओढत होते, त्यामुळे कॅशमध्ये नसलेलं प्रत्येक कीर्तन रखडायला लागलं. तेव्हापासून मूळ फाइलींची पूर्ण प्रत फ्रँकफर्टलाही आहे आणि व्हर्जिनिया तिथून घेतो. श्रोत्याची वाट आखताना सर्व्हरला माल कुठून येतो तीही वाट आखा.

आणि ठिकाणावरून मजकूर बदलत असाल तर कॅशच्या किल्लीत, म्हणजे साठवलेली प्रत ज्या नावाने शोधली जाते त्यात, देश घाला. देणगीच्या पानावर भारतातल्यांना यूपीआयचा क्यूआर आणि बाहेरच्यांना बँकेचा तपशील दाखवायचा असं मी केलं, पण किल्लीत देश घातला नाही. पहिला येणारा मुंबईचा होता, त्याचं पान कॅशमध्ये बसलं आणि लंडनच्या श्रोत्यांना दिवसभर यूपीआय दिसत राहिलं. दोघांनी कळवलं, बाकीचे किती परत गेले असतील त्याची रुखरुख अजून आहे.

भाषा मात्र ठिकाणावरून कधीच ठरवू नका. बेंगळुरूत बसलेल्या माणसाला कन्नड आणि दुबईतल्याला अरबी पान समोर टाकणारी संकेतस्थळं बघितली की मला खरंच वाईट वाटतं. इंदूरला, बडोद्याला, बेळगावला, एडिसनला माणूस मराठीच शोधत आलेला असतो. ब्राउझर आपल्या पसंतीची भाषा प्रत्येक मागणीसोबत सांगतो, ती वाचा, आणि बदलायचं बटण डोळ्यांसमोर ठेवा. ठिकाणावरून फक्त सर्व्हर ठरतो.

नोंदींत पत्त्याचा शेवटचा भाग शून्य करूनच साठवा. नेटवर्क ओळखायला उरलेला पुरतो.

तपासणी

स्वतःच्या घरून बघून काही कळत नाही. तुम्हाला नेहमी बरोबरच उत्तर मिळतं. डिगला सबनेटचा पर्याय देऊन "मी अमुक नेटवर्कमधून विचारतोय" असं सांगता येतं, आणि तुमचा डीएनएस क्लायंट सबनेट पाळत असेल तर तो त्या नेटवर्कचं उत्तर देतो. माझ्याकडे सतरा सबनेटची यादी आहे: सातारा, पुणे, नागपूर, पणजी, दुबईची तीन, मॉरिशसची दोन, लंडन, सिडनी वगैरे. प्रत्येकापुढे अपेक्षित सर्व्हर लिहिलेला. रोज पहाटे स्क्रिप्ट सतराही प्रश्न दोन्ही डीएनएस सर्व्हरना विचारते आणि एकही उत्तर बदललं तर मला ईमेल करते. जिओआयपीचा डेटाबेस अद्ययावत केला की एखादं उत्तर बदलतंच, तेव्हा आधी मोजणीचे आकडे बघायचे आणि मग ठरवायचं, नकाशा दुरुस्त करायचा की यादी.

यादीतली पहिली ओळ एडिसनची आहे. गेल्या महिन्यात आत्याने इंटरनेटची कंपनी बदलली, तेव्हा मी तिला फोनवरून सांगत संगणकावर एफ१२ दाबायला लावलं, आणि ऐंशीव्या वर्षी तिने रिस्पॉन्स हेडरमधला सर्व्हरचा क्रमांक मला एकेक अक्षर वाचून दाखवला. व्हर्जिनियाचाच होता. "आता ठेव," म्हणाली, "गणपती आणि अंबरीष लावलंय, सुरूही झालं."